मिसिसागाच्या हेझलबाई : ३६ वर्षं महापौर, पण बिल कुणाच्या नावावर?

बर्फातला_सातारकर
टोरंटोला खेटून आमचं मिसिसागा. इथे हुरोंटारिओ रस्त्यावर लाइट रेलसाठी खोदकाम झालं, आणि त्या मार्गाला नाव मिळालं हेझल मॅकॅलियन. १९७८ ते २०१४, लागोपाठ बारा निवडणुका जिंकलेली बाई. खुर्ची सोडली तेव्हा वय ९३. जानेवारी २०२३ मध्ये गेल्या, शंभरी ओलांडून.

माझं मत: असा महापौर होणे नाही. खुर्चीवर बसून वर्षही झालं नव्हतं, तोच नोव्हेंबर १९७९ मध्ये शहरात मालगाडी घसरली. प्रोपेनचे टँकर फुटले, क्लोरीनचा गळायला लागला. दोन लाखांवर लोक घराबाहेर काढले आणि एकही दगावला नाही. बाईंचा घोटा मुरगळला होता, तरी लंगडत पत्रकारांसमोर हजर. वर शहर वर्षानुवर्षं कर्जमुक्त. नवी घरं बांधायची? मग रस्ते, पाणी, वाचनालयाचा वाटा बिल्डरने भरायचा.

चष्मेबद्दूर_नाशिक
मालगाडीचं मान्य, पण तिथेही पोलीस आणि अग्निशमनवाल्यांचा वाटा मोठा. कर्जमुक्तीचं मात्र तपासून घ्या. बिल्डरचा पैसा येणार कधी? नवी घरं होतील तेव्हा. म्हणून शेतजमीन खात खात शहर पसरवलं. अडीच-तीन लाखांचं सात लाखांवर गेलं. मोकळी जमीन संपत आली तसा हा झरा आटला आणि त्यांच्याच शेवटच्या काळात शहराला पुन्हा कर्जाकडे वळावं लागलं. बियाणं खाऊन ढेकर दिल्यासारखं झालं हे.

बर्फातला_सातारकर
नव्वदच्या दशकात कित्येक वर्षं शहराच्या वाट्याची घरपट्टी वाढली नाही, ती लोकांच्याच खिशात राहिली ना?

चष्मेबद्दूर_नाशिक
राहिली, आणि पेट्रोलमध्ये गेली! दुधाची पिशवी आणायलाही गाडी काढायची असली वस्ती बांधून ठेवली. आता त्याच वस्तीच्या मधोमध रूळ टाकायचे, आणि नाव कुणाचं, तर हेझलबाईंचं. याला मी सत्कार म्हणू की टोमणा?

मुलुंडची_मावशी
अहो, तुमचं भांडण ऐकून हसू येतंय. आपल्याकडे महापौर अडीच वर्षांचा, त्यातही सोडत कुठल्या प्रवर्गाची निघते त्यावर सगळं. कारभार आयुक्तांच्या हातात. महापौरांनी फीत कापायची आणि पाहुण्यांना शाल-नारळ द्यायचं. ३६ वर्षं सोडा, ३६ महिनेसुद्धा नाहीत.

बर्फातला_सातारकर
मावशी, खरी गंमत पुढे आहे. कौन्सिलमध्ये बाईंनाही इतरांसारखं एकच मत होतं. पण त्यांना निवडायचं अख्ख्या शहराने, थेट. एका वॉर्डातून आलेला नगरसेवक सभागृहात त्यांच्यासमोर किती ताणणार? दरारा कायद्यातून आलेला नव्हता.

चष्मेबद्दूर_नाशिक
आणि त्या दराऱ्याचं काय झालं तेही सांगा की. १९८२ मध्येच कोर्टाने हितसंबंधांच्या नियमाचा भंग झाल्याचं म्हटलं होतं, खुर्ची तेवढी वाचली. पुढे नगरपालिकेच्या इमारतीजवळच्या जागेवर हॉटेलचा प्रकल्प आला, त्यात त्यांचा मुलगा. न्यायमूर्ती कनिंगहॅम यांची चौकशी बसली आणि २०११ च्या अहवालात हितसंबंधांचा संघर्ष खरोखरच होता असा निष्कर्ष आला. आपल्या गल्लीतला एखादा नेता असता तर तुम्हीच म्हणाला असतात, "पोराचं दुकान थाटून दिलं."

बर्फातला_सातारकर
म्हणालो असतो. तो डाग मी पुसत नाही. पण पदावरून काढण्यासाठी पुढे केलेला दावा २०१३ मध्ये कोर्टाने फेटाळला. आणि चौकशी चालू असतानाच २०१० ची निवडणूक झाली, तीत तीन-चतुर्थांशांहून जास्त मतं पडली. लोकांना काहीच कळत नव्हतं का?

चष्मेबद्दूर_नाशिक
कळत होतं. बत्तीस वर्षं एकच चेहरा पाहिला की दुसरा कुणी उभा आहे हेच दिसेनासं होतं, एवढंच म्हणतोय. तगडा माणूस समोर उभाच राहत नव्हता, हाही त्यांच्याच कारकिर्दीचा हिशेब.

मुलुंडची_मावशी
ते असू दे. तरुणपणी मॉन्ट्रियलला पैसे घेऊन आइस हॉकी खेळायच्या म्हणे, सामन्याला पाच डॉलर! समोर कुणी टिकणार कसं?

बर्फातला_सातारकर
हो मावशी, खरंय ते. नाशिककर, गाडी धावायला लागली की या इकडे. तिकीट माझ्याकडून.

चष्मेबद्दूर_नाशिक
येतो. पण विमानतळावरून तुमच्या घरी गाडीनेच न्याल, पैज लावता?