विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांतील नोंदी प्रबंधात वापराव्यात का?

प्रश्न
नमस्कार. मी पर्यावरणशास्त्रात पीएच.डी. करत असून पदवीच्या वर्गाची प्रात्यक्षिकेही घेते. उथळ तलावातील विरघळलेल्या ऑक्सिजनचे दिवसभरातील चढउतार हा माझा विषय आहे, आणि विद्यार्थी त्याच तलावाचे पाणी विंकलर पद्धतीने (ऑक्सिजनच्या प्रमाणात आयोडीन मोकळे करून ते दुसऱ्या द्रावणाने रंग जाईपर्यंत मोजण्याची रासायनिक पद्धत) तपासतात. त्यांच्या नोंदी घेतल्यास माझ्या नमुन्यांची संख्या बरीच वाढेल. परंतु नवशिक्यांच्या आकड्यांवर निष्कर्ष काढणे कितपत योग्य ठरेल, आणि या नादात शिकवण्याकडे दुर्लक्ष तर होणार नाही ना, याबाबत जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १
नोंद विद्यार्थ्याने घेतली एवढ्यावरून ती बाद ठरत नाही. ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडा राहिला तर आकडा फुगतो. द्रावण फिकट पिवळे होण्याआधीच स्टार्च घातला तर तो आयोडीन धरून ठेवतो आणि निळा रंग नेमका कधी गेला हे कळत नाही. त्यामुळे प्रत्येक गटाला एकाच पाण्याच्या दोन बाटल्या द्याव्यात आणि काही बाटल्या आपण स्वतः तपासाव्यात. किती तफावत आढळल्यास नोंद वगळायची, हे मात्र आधीच लिहून ठेवावे. आकडे पाहून ठरवलेली मर्यादा परीक्षकांपुढे टिकत नाही.

प्रतिसाद २
मला अचूकतेपेक्षा वेळेची अडचण मोठी वाटते. प्रात्यक्षिके दिवसा होतात, आणि ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, कारण रात्रभर श्वसन चालू असते पण प्रकाशसंश्लेषण थांबलेले असते. वर्गाच्या नोंदींवरून रात्रीबद्दल काहीही म्हणता येणार नाही. पहाटेचे नमुने आपल्यालाच घ्यावे लागतील. शिकवण्याची खरी संधीही इथेच आहे. समुद्रसपाटीला हवेशी समतोल असलेल्या गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना सुमारे ७.५. असे असूनही शेवाळाने भरलेल्या तलावात दुपारच्या तापलेल्या पाण्याचा आकडा सकाळपेक्षा चढा का येतो, हे आधी न सांगता विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

प्रतिसाद ३
नोंदी वापरण्यापूर्वी विद्यार्थ्यांची लेखी संमती घ्यावी, आणि नकार दिल्यास गुणांवर परिणाम होणार नाही हे स्पष्ट सांगावे, कारण गुण आपल्याच हाती असताना तोंडी होकाराला फारसा अर्थ उरत नाही. प्रबंधात त्यांचा ऋणनिर्देश करावा. कोणी विश्लेषणातही हातभार लावला, तर शोधनिबंधात सहलेखक करण्याबाबत मार्गदर्शकांशी आधीच बोलून घ्यावे.