डायपरची पुरळ, मांड्यांचं घासणं, चिखल्या: सोललेल्या कातडीवर तुम्ही काय लावता?

सध्या माझ्याकडे सासऱ्यांचं करणं आहे. दिवसरात्र डायपर, त्यात उन्हाळा. जांघेत आणि माकडहाडापाशी कातडी लाल होऊन चुरचुरते, पुसायला गेलं की ते कळवळतात. औषधाच्या दुकानात विचारलं तर त्याने काउंटरवर ट्यूबांची रांगच मांडली. कुठली अँटिसेप्टिक, कुठली बेबी रॅश क्रीम, कुठली नुसती जेली. कुठली कशासाठी, ते त्यालाही धड सांगता येईना.

म्हणून हा धागा. बाळाचं असो, म्हाताऱ्या माणसाचं असो की स्वतःचं, कातडी सोलली तेव्हा काय लावलं, कसं लावलं आणि कशाने उलट चिडलं ते लिहा. घरगुती उपायही चालतील, पण स्वतः करून पाहिलेले. ‘माझ्या ओळखीत एकीने’ नको.

अबोली, नाशिक

लेकीच्या वेळी आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी एकच शिकवलं: ट्यूबचं नाव बघू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. झिंक ऑक्साइड किती टक्के आहे ते बघा. रोज लावायच्या क्रीममध्ये ते कमी असतं, डायपर रॅशच्या घट्ट पेस्टमध्ये ४० टक्क्यांपर्यंतही असतं. झिंक कातडीत मुरत नाही, वर बसून राहतं आणि शी-शू थेट कातडीला लागू देत नाही. त्याचं काम तेवढंच.

आमच्या आईच्या कपाटात हिरवी बोरोलीनची ट्यूब कायम. १९२९ पासून कलकत्त्यात बनतंय, आजीही तेच लावायची. ओठ फुटले, टाच फुटली, खरचटलं की तेच. बाळाला लावू का विचारलं तर डॉक्टर स्पष्ट नाही म्हणाल्या. त्यात बोरिक ऍसिड असतं, आणि सोललेल्या नाजूक कातडीतून ते अंगात शोषलं जाऊ शकतं. मोठ्यांच्या टाचेला खुशाल लावा, डायपरच्या आत नको. पावडरीलाही त्यांनी बंदी घातली होती, ती श्वासातून आत जाते म्हणून.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. साधी डायपरची लाली फुगीर भागावर असते, जांघेची घडी बऱ्याचदा सुटते. घडीतही लालभडक झालं आणि कडेने बारीक पुटकुळ्या दिसल्या तर ती बुरशी. तिला झिंक पुरत नाही, बुरशीचं औषध लागतं.

पावशी, डब्लिन

इथे बाळ झालं की सुडोक्रीमची करडी डबी कुणीतरी भेट आणतंच. इथलंच मलम ते, १९३१ मध्ये डब्लिनच्या एका औषधविक्रेत्याने बनवलेलं. आयरिश लोक ते सगळ्याला लावतात: बाळाच्या ढुंगणाला, खरचटल्याला, कॉलेजातली पोरं तर रात्री तारुण्यपीटिकांवर. झिंक साधारण १५ टक्के, सोबत लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण.

घरी तपासायला आलेल्या पब्लिक हेल्थ नर्सने माझं बोट हातात धरून दाखवलं. आधी कोमट पाण्याने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, थोडा वेळ उघडं ठेवायचं आणि मग इतकं पातळ लावायचं की खालची कातडी दिसली पाहिजे. मी भिंतीला चुना द्यावा तसं लिंपत होते. जास्त लावलं की ते डायपरला लागतं आणि डायपर पाणी शोषेनासा होतो.

पुण्याहून आलेल्या आईला हे काही पटलं नाही. तिचं खोबरेल तेल चालूच होतं. रॅश नसताना मलाही तेलच बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

डबी उघडी, पुणे

आमच्याकडे कैलास जीवन. चटका बसला, ऊन लागलं, जांघ घासली, पाय जळजळले, सगळ्याला तेच. थंड वाटतं, विषय संपला.

अबोली, नाशिक

@डबी उघडी, मोठ्यांना ठीक, पण त्यात कापूर आहे हो. तान्ह्या बाळाला नका लावू.

उशापायथ्याशी, सातारा

धागाकर्तीसाठी सविस्तर लिहिते. आईचं पक्षाघातानंतरचं सगळं घरीच केलं. ब्यूरोतून येणाऱ्या मावशी या कामात मुरलेल्या होत्या, त्यांच्याकडून शिकले.

पहिलं म्हणजे ही लाली ओलाव्याची आहे की दाबाची, ते ओळखा. लाल जागेवर बोट दाबून सोडायचं. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिली, आणि जागा माकडहाड, टाच, खुबा अशा हाडावरची असेल, तर ती बेडसोअरची, म्हणजे एकाच जागी पडून दाबाने होणाऱ्या जखमेची सुरुवात. त्यावर जगातलं कुठलंही क्रीम चोळून उपयोग नाही. तिथे कूस बदलणं हेच औषध, साधारण दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. आम्ही भाड्याने एअर बेड आणला, पण त्यावर झोपवलं म्हणून कूस बदलायची सुटत नाही. रबराची गोल रिंग मात्र आणू नका. रिंगच्या कडेवर दाब येतो आणि मधल्या कातडीचा रक्तपुरवठा उलट कमी होतो. लाल जागा चोळायचीही नाही.

ओलाव्याची लाली असेल तर झिंकची पेस्ट. इथे मावशींची खरी करामत. दर वेळी शी झाली की लोक सगळं मलम खरवडून काढतात आणि त्यातच कातडी निघते. मावशी कापसावर खोबरेल तेल घेऊन फक्त वरचा घाण झालेला थर अलगद उचलायच्या. खालचा पांढरा थर तसाच. त्यावर नवा हात फिरवायचा. पूर्ण सफाई दिवसातून एकदा, अंघोळीच्या वेळी. साबण नाहीच, डेटॉलचं पाणी तर मुळीच नाही. आमच्या काकूंचा डेटॉलसाठी फार आग्रह होता. ‘वास यायला नको का?’ म्हणायच्या. वास डायपर वेळेवर बदलल्यानेच जातो.

जखम उघडी पडली, पाणी सुटलं, काळी पडली की घरचे प्रयोग बंद. डॉक्टर.

धागाकर्ती

@उशापायथ्याशी, आत्ताच बोट दाबून पाहिलं. जांघेची जागा पांढरी पडते. माकडहाडाची मात्र नीट कळत नाही. सासरे सावळे आहेत.

उशापायथ्याशी, सातारा

@धागाकर्ती, सावळ्या कातडीवर रंगावर जाऊ नका. शेजारच्या कातडीशी ताडून बघा. गरम लागते का, टणक किंवा लिबलिबीत लागते का, दुखते का. शंका असेल तर दाबाचीच धरून कूस बदलायला लागा, आणि या आठवड्यातच कुणाला तरी दाखवा.

दिवेघाट

वारीतला अनुभव. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि पुणे ते सासवड हा सगळ्यात लांब टप्पा सुरुवातीलाच. पायाच्या फोडांचं सगळे बोलतात, मांड्यांचं कुणी बोलत नाही. पावसात भिजलेला पायजमा आणि घाम, दोन्ही मांड्या आतून सोलतात. संध्याकाळी मुक्कामी माणूस फेंगडा चालताना दिसला की समजायचं.

आमच्या दिंडीतल्या जुन्या माउलींचा नेम असा: पहाटे निघण्याआधीच पेट्रोलियम जेली लावायची, सोलल्यावर नाही. मांड्यांना, काखेत, पायाच्या बोटांमध्ये. दुपारच्या विसाव्याला पुसून पुन्हा. रात्री धुऊन, कोरडं करून झिंकचं मलम आणि सैल लुंगी. आधीच सोललेलं असेल तर स्पिरिटवालं काही लावू नका, रिंगण तिथेच होईल.

रतांबा, कुडाळ

लावणीच्या दिवसांत इकडे घरोघरी चिखल्या. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडतात, मग फाटतात, मग रात्री झोप नाही. आमच्या आवशीचं औषध मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. पिवळसर पांढरा गोळा असतो, मेणासारखा घट्ट. पळीत घेऊन चुलीच्या निखाऱ्यावर धरला की वितळतो. सोसवेल इतपत कोमट झाला की बेचक्यांत सोडायचा. गार झाला की तिथेच थिजतो आणि भेग झाकून टाकतो. सकाळी शेतात उतरताना पुन्हा एक हात.

माझं मत असं की मुठेल पाणी आत येऊ देत नाही, पण बुरशी मारत नाही. खाज फार असेल, वास येत असेल तर आम्ही आरोग्य केंद्रातून बुरशीचं मलम आणतो. पाय सुकवून ते आधी, मुठेल दुसऱ्या दिवशी बांधावर जाताना. मधुमेह असेल तर चिखल्या अंगावर काढू नका. आमच्या वाडीत त्यावरून पाय चिघळलेला पाहिलाय.

नाव नको

आतड्याच्या ऑपरेशननंतर शी पोटावरच्या भोकातून (स्टोमा) पिशवीत येते, ती पिशवी पोटावर चिकटवलेली असते. इथे कुणी लिहिणार नाही म्हणून लिहितो. पिशवीच्या भोवती कातडी सोलली की घरचे प्रेमाने पांढरं क्रीम आणून देतात. ते लावू नका. तेलकट थरावर पिशवीची चकती चिकटत नाही, गळते आणि आणखी सोलतं. त्यासाठी स्टोमा पावडर वेगळी मिळते: शिंपडायची, जास्तीची झटकायची, मग चकती. आणि चकतीचं भोक मापाचं कापा, माझं निम्मं दुखणं तिथेच होतं.

लोकलची गर्दी, डोंबिवली

कळकळीने सांगते, जांघेतल्या खाजेला दुकानदाराने दिलेली ‘तीन-इन-वन’ ट्यूब घेऊ नका. त्यात स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, आपण खूश. आत गजकर्ण असेल तर ते दबून पसरतं, कातडी पातळ होते आणि पांढरे चट्टे उठतात. २०१८ मध्ये सरकारने बरीच स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. आमच्या नाक्यावर अजूनही न विचारता मिळतात. ट्यूबवर क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन असं काही वाचलंत तर परत करा.

पावशी, डब्लिन

कुणी सांगेल का, काळ्या लेगिंगवरचा झिंकचा पांढरा डाग कसा काढायचा? मशीनमध्ये जात नाही.

उशापायथ्याशी, सातारा

@पावशी, आधी पाणी लावू नका, पसरतो. चमच्याने खरवडा, भांड्याचं लिक्विड थेट डागावर चोळून ठेवा, मग गरम पाणी. आईच्या चादरींचे असेच जायचे.