जीएक्स १६० ला ऑइल प्रेशर गेज लावायचं कुठे?

मैदानराखा (सांगली):
क्लबच्या मैदानावरच्या गवत कापायच्या मशीनला होंडा जीएक्स १६० इंजिन आहे. इंजिन मीच खोललं. बोअर (सिलिंडरची आतली भिंत) होन करून, म्हणजे घासून आणला. पिस्टनच्या रिंगा, वॉल्व्ह आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) नवीन टाकले. गेजही आणलंय, पण ते लावायला जागा सापडत नाही. ड्रेन बोल्ट दोन आहेत आणि एक पिवळी वायर बाहेर येते. ती प्रेशर स्विचची का? प्रेशर बघितल्याशिवाय चालू करायची छाती होत नाही.

लेथवाले काका:
गेज डब्यात ठेव. या इंजिनात ऑइल पंपच नाही, तर प्रेशर कुठलं? रॉडच्या कॅपला (क्रँकवर बोल्टने आवळायच्या खालच्या अर्ध्या भागाला) खाली जीभ असते, आम्ही दुकानात तिला चमचा म्हणतो. ३६०० आरपीएमला ती सेकंदाला ६० वेळा ऑइलमध्ये बुडते आणि सगळीकडे शिंतोडे उडवते. पिवळी वायर ऑइल लेव्हलच्या फ्लोटची. चमचा तुटला तरी ती गप्पच बसेल.

तू बघायचं ते वेगळंच. कॅपच्या खुणा जुळवल्यास ना? रॉडचे बोल्ट १२ न्यूटन-मीटरला, टॉर्क पान्यानेच. अंदाजाने आवळले असशील तर साइड कव्हर परत उघड, आळस नको. मशीन सपाट जागी ठेवून १०डब्ल्यू-३० ऑइल भर आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघ. माझ्या दुकानाच्या दारात उतार आहे. तिथेच उभं करून लेव्हल बघितली आणि एका पॉवर वीडरचा (तण काढायच्या मशीनचा) रॉड चौथ्या दिवशी क्रँकला चिकटला. गिऱ्हाईक शेजारचंच, अजून चहाला बोलावत नाही.

खात्रीच हवी तर टॅपेट कव्हर (वॉल्व्हवरचं झाकण) आतून कोरडं पुसून बसव. पाच मिनिटं बिनलोड चालव, बंद करून थंड झाल्यावर उघड. आतून ऑइलने ओलं दिसलं की झालं.

न्यूजर्सीकर:
काका, ऑइल फिल्टर असलेल्या इंजिनवाल्यांसाठी एक भर. माझ्या बसून चालवायच्या मोवरला कोहलर कंपनीचं व्ही-ट्विन (दोन सिलिंडरचं) इंजिन आहे, त्यात पंप असतो. प्रेशर स्विच काढून त्याच भोकात गेज लावलं. आटे १/८ एनपीटी (अमेरिकी पाइपचे), म्हणजे निमुळते. दुसऱ्या आट्यांचं गेज दामटून बसवू नका, अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात.

मैदानराखा:
काका, बोल्ट अंदाजानेच आवळले होते. साइड कव्हर उघडलं तर एक चक्क हाताने फिरला! टॉर्क पाना मागून आणला, आवळलं, मग चालवलं. टॅपेट कव्हर आतून ओलं आहे. ऑइल पुस्तकाप्रमाणे २० तासांनी बदलू ना?

लेथवाले काका:
नवीन रिंगांवर मी पाच तासांतच काढतो, अर्धा लिटर तर लागतं. पांढऱ्या फडक्यातून गाळ. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा आहे, रुपेरी चमकी दिसली तर चालवू नकोस, आधी इथे लिही.