प्रोसेसरआधी डिस्क बघा

घरच्या सर्व्हरला इंटेलचा आय३ प्रोसेसर घ्यावा की जास्त ताकदीचा आय५, असं तुम्ही विचारलंय. फोटो-व्हिडिओ साठवायला आय३ भरपूर झाला. वाचलेले पैसे डिस्कवर घाला. हार्ड डिस्क सीएमआरच (माहितीचे ट्रॅक, म्हणजे ओळी, सुट्ट्या असणारी) आहे ना, हे मॉडेल नंबरवरून तपासा. एसएमआर या दुसऱ्या प्रकारात ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. माझी डिस्क गेली तेव्हा बदली म्हणून अशीच एक एसएमआर आणली. झेडएफएस या फाइल सिस्टीमचा मिरर (दोन डिस्कवर तीच माहिती ठेवणारी जोडी) पुन्हा भरायला ३ दिवस लागले, आणि तोवर लेकीच्या बारशाचे सगळे फोटो उरलेल्या एकाच डिस्कच्या भरवशावर! जीव टांगणीला लागला होता. वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारा यूपीएसही हवाच, पण सर्व्हरला यूएसबीने जोडता येईल असा घ्या. बॅटरी संपत आली की सर्व्हर आपला आपण नीट बंद होईल असं सेटिंग करता येतं.