फेल्टच्या मुकुटात बकरम घाला

६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणासाठी शिवलेला मुकुट टोकांशी लवतो, असं तुम्ही लिहिलंय. फेल्टच्या दोन थरांमध्ये बकरम, म्हणजे आतून ताठपणा देणारं कडक कापड, घाला, पण ते कडेपासून पाव इंच आत कापा, नाहीतर हाताने टाका घालताना सुई अडते. फेल्टचे धागे सुटत नाहीत, म्हणून कडा दुमडू नका. कडेवरून घालायचा ब्लँकेट टाका पुरतो आणि दिसतोही छान. पट्टी डोक्याच्या घेरापेक्षा 4 इंच कमी ठेवून मागे 3 इंच इलॅस्टिक लावा. इस्त्री मात्र वरून सुती कापड ठेवूनच, सिंथेटिक फेल्ट वितळतं.

खडे चिकटवू नका, शिवा. भाच्याचे सगळे चर्चच्या पायऱ्यांवरच गळले, बिचारा मिस्साभर, म्हणजे चर्चमधली उपासना संपेपर्यंत, रडवेला होता. तीन राजांनी बाळ येशूला दिलेल्या सोनं, ऊद, गंधरस या भेटींसाठी पिवळा, पांढरा, तपकिरी असे तीनच मणी लावलेत तर फार गोड दिसेल.