नागपुरात राहून मालवणी मासे: ताज्याचा हट्ट सोडावा का?

देवगडची माहेरवाशीण (धागाकर्ती)

माहेर देवगडचं, सासर नागपूरचं. इथे येऊन अकरा वर्षं झाली आणि ही सगळी वर्षं मी माशांच्या मागे धावण्यात घालवली. गेल्या रविवारी 'अस्सल मालवणी' अशी पाटी पाहून एका ठिकाणी गेलो. नाव सांगत नाही, कारण अशा पाटीची बरीच ठिकाणं शहरात आहेत. सुरमईचं कालवण मागवलं. आलं ते काजूच्या वाटणाचं गोडसर, केशरी काहीतरी. त्यात तिरफळ (माशात घालतात ते कोकणातलं झणझणीत मसाल्याचं फळ) नाही, कोकम नाही, आणि तुकडी तोंडात कापसासारखी. सोलकढी गुलाबी होती, पण चव दह्याची.

घरी आल्यावर ठरवलं, आता पुरे. माझं मत मांडते, पटत नसेल त्यांनी सांगा.

किनाऱ्यापासून इतक्या लांब 'ताजी मासळी' हा शब्द मासा बाजारात आला त्या दिवसापासून मोजला जातो, जाळ्यात आला त्या दिवसापासून नाही. मोठा ट्रॉलर कित्येक दिवस समुद्रात असतो. मग बंदरावर लिलाव, मग बर्फ, मग ट्रक. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाला, नागपूर ते भिवंडीजवळचं आमणे ७०१ किलोमीटर. ट्रकचे तास वाचले, पण आधी गेलेले दिवस तर गेलेच. ओल्या बोंबलासारखा पाणीदार मासा तर मुंबईतसुद्धा दुसऱ्या दिवशी हातात विरघळतो. तो इथे मागणंच चूक.

याउलट कोकम, आगळ (कोकमाचा घट्ट रस), सुकी तिरफळं, बेडगी मिरची, सुके बोंबील, सोडे (सोलून सुकवलेली कोळंबी), जवळा (अगदी बारीक सुकी कोळंबी), खारा बांगडा हे सगळं न बिघडता इथवर येतं. नारळ इथे मिळतो. वाटण पाट्यावर करा नाहीतर मिक्सरवर, पण खोबरं ओलंच हवं. मालवणी चव या वाटणात आणि आंबटात आहे. सुकी मासळी आणि तळ्यातला मासा घेऊन मी ती घरात आणते, आणि पाटीवाल्या हॉटेलापेक्षा माझं जेवण देवगडच्या जास्त जवळ असतं.

---

कुडाळकरीण (मुक्काम अमरावती)

ताई, माका ह्या पटाक नाय.

हॉटेलाबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं. पण सुकं म्हणजे आगोटीचं सामान. पावसात होड्या बंद, म्हणून मे महिन्यात भरून ठेवायचं. माझ्या आईच्या घरात सुक्या बांगड्याची कदर होती ती नारळी पौर्णिमेनंतर ओला बांगडा येणार हे माहीत होतं म्हणून. बारा महिने सुकंच खायचं आणि त्याला मालवणी जेवण म्हणायचं, हे मला अर्धं वाटतं.

आणि रोहूला मालवणी वाटण? तिथे तर मी अजिबात ऐकणार नाही. समुद्रातल्या माशाला स्वतःची गोडी असते. खाऱ्या पाण्यात तग धरायला तो अंगात अमिनो आम्लं साठवतो, ती गोडी त्यातून येते. गोड्या पाण्यातल्या माशात ती त्या मानाने फार कमी. आपलं वाटण त्या गोडीवर बेतलेलं आहे. मासाच बदलला तर खाली राहतो तो नारळाचा रस्सा.

मी काय करते ते सांगते. बहीण कुडाळात सुरमई घेते, साफ करून तुकड्या करते, मीठ लावून घरच्या फ्रीझरमध्ये दगडासारख्या गोठवते. थर्माकोलच्या खोक्यात घालून पुण्यापर्यंत एक गाडी, पुण्याहून रात्रीची बस. वर्षातून चार-पाच वेळा जमतं. त्या चार-पाच दिवसांसाठी मी बाकीचं वर्ष डाळभातावर काढेन.

---

शीतगृहातला माणूस

मी नागपुरात शीतगृहाच्या धंद्यात आहे, मासळी रोज हातातून जाते. दोघींशीही असहमत.

आधी कुडाळच्या ताईंना काळजीने सांगतो. सुरमईचं ठीक, पण खोकं पोहोचतं तेव्हा तुकड्या अजून दगडासारख्या असतात का, की मऊ झालेल्या असतात? बांगडा, सुरमई, ट्यूना या कुळातले मासे थंडावा सुटला की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. वासही नेहमी येत नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, अंगावर गांधी उठतात आणि लोक म्हणतात 'मासे बाधले'. ओला मासा पाठवायचा असेल तर माशाइतक्याच वजनाचा बर्फ हवा, आणि खोकं उघडताना त्यातला काही शिल्लक दिसला पाहिजे.

दुसरं, तुकडी कापसासारखी का होते? हळूहळू गोठवली म्हणून. घरच्या फ्रीझरमध्ये गोठायला तासन् तास लागतात, बर्फाचे स्फटिक मोठे होतात, मांसाचे धागे तुटतात, वितळताना सगळं पाणी निघून जातं. कारखान्यात झपाट्याने गोठवलेला आणि उणे १८ अंशांवर सलग राहिलेला मासा असा होत नाही. तो फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर ठेवून वितळवा. नळाखाली किंवा ओट्यावर नको.

'फ्रोझन' म्हटलं की आपली माणसं नाक मुरडतात आणि पाच दिवस बर्फात लोळलेल्या माशाला ताजा म्हणून जास्त पैसे देतात. याचा मला मनापासून त्रास होतो. हिशेब करा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी. पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून. म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही किनारे बंद. त्या दिवसांत नागपुरात कोणी 'आजच आलेली ताजी सुरमई' वाढली तर ती बहुधा गोठवलेलीच. तीच खाऊन लोक 'ताज्याची बातच वेगळी' म्हणतात.

---

भंडाऱ्याचा

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट मनाला लागली, ती बोलतो.

तुम्ही तिघंही आमच्या मासोळीला अडीनडीची म्हणून बघता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत, आम्ही त्यांना मामा तलाव म्हणतो. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले. ढिवर बांधव पिढ्यान् पिढ्या त्यावर जगतात. मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून बाजारात टोपल्यात जिवंत मिळते. डोळ्यासमोर कापून देतात. यापेक्षा ताजं तुमच्या देवगडात तरी काय मिळतं?

चिखलाचा वास येतो म्हणतात. येतो, काही तळ्यांतल्या माशाला, विशेषतः उन्हाळ्यात पाणी आटल्यावर. पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते कातडीत आणि काळ्या मांसात साठतं. आंबटाने ते मोडतं. म्हणून आमच्या घरी आई मासोळीला आधी चिंचेचं पाणी चोळून ठेवते, मग भाजलेल्या कांद्याचा रस्सा. समुद्राची आठवण येत असेल तर जरूर काढा, पण आमच्या मरळीला सुरमईचं सोंग देऊ नका.

---

मनीषनगरातली

धागाकर्तीला एकच विचारायचं आहे. सुकं भाजलं की आमच्या मजल्यावर तक्रार होते. दोनदा सोसायटीच्या सभेत विषय निघाला. माझी सासू रत्नागिरीची, तिला सुकट हवी असते आणि ती आता मागायलाही संकोचते. तुम्ही काय करता?

---

देवगडची माहेरवाशीण

मनीषनगरच्या ताई, आधी तुमचं. सासूबाईंना सुकट मिळालीच पाहिजे. भाजू नका. बोंबील डोकी काढून, तुकडे करून कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवा, दोनदा धुवा, पिळा आणि थेट लसणाच्या फोडणीत बटाट्याबरोबर टाका, वर कोकम, वर झाकण. भाजताना जो वास घरभर जातो त्याच्या निम्माही सुटत नाही. जवळा मात्र भाजल्याशिवाय नको, त्याची मजाच जाते. तो कोणी सुट्टीला गेलं असेल त्या दिवशी.

शीतगृहवाल्या भाऊंचं हिस्टामिनचं मला माहीत नव्हतं. मागे एकदा बांगडे खाऊन मुलाच्या अंगावर पित्त उठलं होतं, आम्ही त्याला अॅलर्जी समजलो. गोठवलेल्या माशाबद्दलचं माझं मत मी बदलते. सुरमई आणि कोळंबी यापुढे गोठवलेलीच घेईन.

भंडाऱ्याचे भाऊ, तुमचा राग रास्त आहे. मी मरळीत तिरफळ घालून पाहिली आहे आणि ती पार फसली. तिरफळाला तेलकट मासा लागतो, बांगडा, तारली, पेडवे. मरळीच्या पांढऱ्या मांसावर तिरफळाचा झणका एकटाच नाचतो. पण ओलं खोबरं, धणे, बेडगी आणि कोकम यांचं वाटण मरळीला छान बसतं. तुमच्या जिओस्मिनच्या माहितीवरून आता कळलं, कोकम तिथे नुसत्या चवीचं काम करत नव्हतं. हे सुरमईचं सोंग नाही. माझ्या आईचं वाटण आणि तुमच्या तळ्यातला मासा, दोन्ही आपापल्या नावाने.

---

कुडाळकरीण

खोकं मऊ आलं होतं एकदा. त्या दिवशी सगळ्या तुकड्या फेकल्या, रडू आलं होतं. आता खोक्यात तुकड्यांभोवती पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या रचायला सांगते बहिणीला.

बाकी माझं मत तेच. तिखला, म्हणजे आमचं तिरफळाचं तिखट कालवण, बांगड्याचाच. तो इथे मिळत नसेल तर मी मिळत नाही असं म्हणेन, दुसऱ्या कशाला तिखला म्हणणार नाही. खावचो आसात तर कुडाळाक येवक व्हया. सोडे घातलेलं वांगं मात्र मान्य, ते घरी ओली कोळंबी असतानाही आम्ही करायचो.

मे महिन्यात जाते आहे. सुकी तिरफळं आणि आमसुलं कोणाला हवी असतील तर आत्ताच सांगा.

---

भंडाऱ्याचा

ताई, आमसुलं मला पाठवा. आणि देवगडच्या ताई, किलोभर मरळीला किती घालू? आमच्याकडे चिंचेचाच अंदाज आहे.

---

देवगडची माहेरवाशीण

किलोला सात-आठ आमसुलं. चार मिठाबरोबर चुरून तुकड्यांना चोळा आणि अर्धा तास ठेवा. उरलेली रश्शाला उकळी आल्यावर घाला, मासा त्यानंतर. पळी फिरवू नका, तुकडी मोडते, पातेलं दोन्ही कानांना धरून हलवा. आणि लगेच वाढू नका, तासभर मुरू द्या.