मदत हवी आहे: पतंग (मॉथ, रात्री उडणारे कीटक) न मारता त्याची जात कशी ओळखायची?
नमस्कार मंडळी, रात्री पांढरी चादर ताणून समोर यूव्ही एलईडी लावतो आणि जे पतंग येऊन बसतात त्यांचे फोटो काढतो, हॉक मॉथसारखे मोठे ओळखू येतात पण ते बारके तपकिरी, पंख छपरासारखे मिटून बसणारे, त्यांनी डोकं खाल्लंय! वरून, बाजूने, मिशांचा क्लोजअप (काही जातींत नराच्या मिशा झुपकेदार, मादीच्या बारीक) सगळं घेतो तरी गाडी जीनसच्या (जवळच्या जातींच्या गटाच्या) पुढे सरकत नाही. बऱ्याच जाती म्हणे जननेंद्रियं मायक्रोस्कोपखाली बघूनच वेगळ्या करतात, म्हणजे पतंग मारणं आलं, ते मला करायचं नाहीये. मग फोटोत नेमकं काय यायला हवं, मागच्या पंखांचा रंग, पंखांची खालची बाजू? जिवंत पतंगाचा मागचा पंख दिसणार कसा, हात लावला की उडतोच.

आणि जे उजेडाला येतच नाहीत त्यांचं काय करता, साखरेचं आंबवलेलं पाणी झाडाला फासता की फेरोमोन (मादी नराला बोलवायला सोडते तो वास)? जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुटेनांटनी १९५९ मध्ये रेशमाच्या पतंगातलं बॉम्बिकॉल हे फेरोमोन शोधलं त्याला सुमारे ५ लाख माद्या लागल्या होत्या, बापरे! पण त्या वासाला फक्त नरच येणार ना? कोणी वापरलंय का, प्लीज सांगा.